फोन कानाला लावा

सरांना माझ्यासमोर कुणी येडं म्हणलं की मी आजही भांडायला उठते. मी स्वतः त्यांना तोंडावर येडं म्हणत आले, ती गोष्ट वेगळी. एका स्टाफरूममध्ये इतकी वर्षं डबे वाटून खाल्ल्यावर तेवढा हक्क असतो माणसाला. पण ज्यांनी त्यांच्या बाजूला बसून एक शेंग फोडली नाही, त्यांनी कशाला बोलावं?

शेंगांचंच आधी सांगते. वसमतजवळच्या कुरुंद्याच्या अलीकडं आमचं हायस्कूल. सर विज्ञान शिकवायचे, मी मराठी. आमच्या पालकसभेची एक ठरलेली रीत होती. आधी नारळ आणि सत्कार, मग हेडमास्तरांचं भाषण, आणि मग आईबापांनी एकेक करून उठायचं आणि पोरासमोरच पोराचं गाऱ्हाणं सांगायचं. मोबाईल सोडत न्हाई. उलटून बोलतं. खोलीतून भाईर निघत न्हाई. पोरगं मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत उभं. हे झालं की चहा.

एका वर्षी सभेचं काम सरांकडं आलं. त्यांनी स्वतःच्या शेतातलं शेंगांचं पोतं आणलं आणि हॉलमधल्या सतरंजीवर ओतलं. म्हणाले, "ज्यानं त्यानं आपल्या लेकराच्या बाजूला बसायचं. समोर न्हाई, बाजूला. अन् शेंगा फोडायच्या. अभ्यास, मार्क अन् मोबाईल सोडून काय बी बोला." हाताला काम असलं आणि डोळ्याला डोळा भिडत नसला की पोरांचं तोंड आपोआप सुटतं, असं त्यांचं म्हणणं होतं. बराच वेळ हॉलमध्ये नुसती टरफलं फुटायचा आवाज. कुणालाच काही सुचेना. शेवटी एका बापानं घसा खाकरून पोराला विचारलं, "मंग, घटक चाचणी कवा हाये तुमची?" सर उठले, त्याच्यापुढचा शेंगांचा ढीग उचलला आणि दुसरीकडं नेऊन ठेवला. सगळे हसले. तो बापही हसला बिचारा.

पण कोपऱ्यात एक पोरगी आईच्या कानाजवळ तोंड नेऊन काहीतरी सांगत होती आणि आईचा हात थांबला होता. सरांनी लांबून त्या बाईला खूण केली, फोडत राहा. तिनं मान खाली घातली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली. तिचे डोळे टपटप गळत होते, ते मी पाहिलं. हेडमास्तरांनी नंतर सरांना बोलावून विचारलं, "हे हायस्कूल हाये का धान्याचा मोंढा?" सर म्हणाले, "मोंढ्यात तरी माल उघडून बघतेत, सर." पुढच्या वर्षी सभा परत नारळ-सत्कारावर आली.

खुर्चीतसुद्धा ते असेच तिरपे बसायचे. स्टाफरूममध्ये माझ्याशी बोलताना खुर्ची आडवी करून घ्यायचे, त्यामुळं इतकी वर्षं मी त्या माणसाच्या कानाशीच बोलत आले. शर्टाच्या एका खिशात फुटाणे, एका खिशात मोबाईल. वर्गात पोरगं घुम्यासारखं बसलं असलं की त्याच्या बाकावर चार फुटाणे ठेवून पुढं जायचे, विचारायचे काही नाहीत. रस्त्यात एखादा बाप छाती काढून पोराचे टक्के सांगायला लागला, तर सर विचारायचे, "झोपतं का नीट? हसतं का घरात?" एकदा एकानं सुनावलं, "हसून काय करायचं सर, नंबर लागला पायजे." सरांनी त्याच्या हातावर फुटाणे ठेवले आणि गाडीला किक मारली. उत्तर नसलं की ते फुटाणे द्यायचे.

त्यांचं खरं येड मात्र फोनचं. आमच्याकडं दहावी झाली की हुशार पोरगं गावात राहत नाही. लातूरला नाहीतर नांदेडला क्लास लावतात, रूम करून देतात. मग रोज संध्याकाळी घरून फोन. तो फोन कुणी एकटा करत नाही. मोबाईल बाजेवर नाहीतर पाटावर मधोमध ठेवायचा, स्पीकर चालू करायचा आणि भोवती आजी, आई, काका, काकू आणि शेजारचं कुणी टेकलेलं असलं तर तेही. जेवलास का. भाजी काय व्हती. आजी म्हणणार, वाळला असशील रे लेकरा. काका म्हणणार, बराबर अभ्यास कर, नाव काढ आपलं. तिकडून आपलं व्हय, व्हय, व्हय. मग फोन बंद आणि सगळे समाधानानं उठणार.

यात कुणाच्या मनात काही वाईट नसतं, हे मला आवर्जून सांगायचंय. मायाच असते सगळी. लेकराचा आवाज एकट्यानं ऐकणं म्हणजे सणाच्या दिवशी एकट्यानंच गोड वाढून घेतल्यासारखं वाटतं आमच्या माणसांना. आणि कुणी फोन कानाला लावून कोपऱ्यात गेलं की लगेच विचारतात, काय लपवून राहिला रे?

सर नेमके त्या वेळेला दारात जाऊन उभे राहायचे. "फोन कानाला लावा. घरातून भाईर जा. अन् तुमी गप बसा जरा, त्याला बोलू द्या." ओळख असो नसो. लोक चहा विचारायचे, ते नको म्हणायचे आणि उंबऱ्याबाहेर चपला न काढता उभे. मी एकदा खूप वैतागले. शाळेत तक्रारी येत होत्या आणि त्या ऐकायला मीच सापडायचे. म्हणलं, "सर, तुम्हाला कुणी सांगितलंय हे लोकांच्या घरात शिरायला? काहून करता?"

त्या दिवशी स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. ते खिडकीकडं बघत म्हणाले, "मॅडम, माझी पोरगी लातूरला व्हती तवा स्पीकरचा फोन गल्लीत फकस्त माझ्याकडं होता. मीच सगळ्यांना बोलवायचो. या, पोरीचा फोन येऊन राहिला, या. एका संध्याकाळी ती म्हणली, पप्पा, मला तुमाला एक सांगायचं व्हतं. अंगण भरलेलं. दूध घालायला आलेला गडी बी बसलेला. मी म्हणलं, बोल ना माय, सगळे आपलेच हायेत. ती गप झाली. मंग म्हणली, काही न्हाई पप्पा. जेवले मी."

"मग नंतर विचारलं नाही?"

"लय विचारलं. दिवाळीला आली तवा विचारलं. लग्नाच्या आधी विचारलं. म्हणती, कवाचं काय घेऊन बसलात. पण काहीतरी व्हतं, मॅडम. त्या वर्षी पोरगी निम्मी झाली होती. केस गळून राहिले होते. आमी समजलो, अभ्यासानं व्हत असंल." मग खिशातले फुटाणे काढले आणि न खाता परत ठेवले. "ती आता पुण्याला सुखात हाये. जावई चांगला. दर रविवारी फोन करती. बरी आहे पप्पा, म्हणती. झालं. मला मरायच्या आत ते ऐकायचं हाये. माझ्यावर रागावली तरी चालंल, पण तिनं सांगावं."

एवढंच हवं होतं त्या माणसाला. शाळेची बक्षिसं, बढती, काही नाही. पोरीनं एकदा ते बोलावं. आईला, म्हणजे सरांच्या घरच्या काकूंना, तिनं सांगितलं असेल, तर ते काकूंसोबतच गेलं, कारण काकू वारेपर्यंत सर त्यांना विचारायचंही विसरले होते. त्या दिवसानंतर मी त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी ऐकून घेतल्या, पण त्यांच्यापर्यंत पोचवल्या नाहीत.

त्यांचं ऐकून कुणाचं भलं झालं का, असं कुणी विचारलं तर मी बाजारातल्या बांगडीवाल्या चाचांचं नाव काढते. त्यांची मुलगी नांदेडला होती. सर त्यांच्या दारात गेले तर चाचा म्हणाले, "सर, पूरे घर की जान अटकी है उसमें. सबको आवाज सुनना रहता, मैं अकेला कैसे सुनूं?" सर हलेनात. शेवटी चाचा फोन घेऊन दुकानात गेले, शटर अर्धं ओढलं आणि फोन कानाला लावला. त्यांनीच मला पुढं सांगितलं, "बहुत देर कुछ नहीं बोली, मॅडम. सिर्फ सांस की आवाज. फिर बोली, अब्बा, मेरे को यहां से ले जाओ." दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं जाऊन ते तिला घेऊन आले. ती आता वसमतला कॉलेजला जाते, संध्याकाळी दुकानात बसते आणि गिऱ्हाइकाशी मोठ्यानं हसते. मला ते हसणं ऐकायला आवडतं. गावात मात्र बोललं गेलं की पोरगी डॉक्टर व्हणार व्हती, येड्या मास्तरनं घरी बसवली. संस्थेच्या लोकांनी सरांना बोलावून तंबी दिली.

आणि फसलेलंही सांगते. एका हळदवाल्या शेतकऱ्याला सरांनी असंच बांधावर पाठवलं. त्यानं लातूरला फोन लावला, कानाला धरला, आणि सरांनी शिकवल्याप्रमाणं गप राहिला. पोरगं पार घाबरलं. ना आजीचा आवाज, ना काकाचा. बाप एकटा, तोही गप. त्यानं विचारलं, "आजी गेली का?" कारण आमच्याकडं फोन कानाला लावून एकट्यानं बोलतात ते कुणी गेल्यावरच. बाप न्हाई न्हाई म्हणेपर्यंत पोरानं फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. आजी चुलीपुढं बसलेली बघून ते जे झोपलं ते दिवसभर उठलंच नाही. मग परत गेलं. काय मनात होतं ते कुणालाच कळलं नाही. बाप शाळेत येऊन सरांना नाही नाही ते बोलला.

सर नंतर मला म्हणाले, "बापाचा एकट्याचा आवाज ऐकून पोरगं भेलं, मॅडम. असं कसं केलं आपण लोकांनी?" घरी जाऊन मी नववीतल्या माझ्या पोराच्या बाजूला मेथी निवडायला बसले. ते म्हणालं, "काय झालं मम्मी? काहून असं करून राहिलीस?" म्हणजे मीही काही फार पुढं नव्हते.

सर रिटायर व्हायला आले आणि त्यांचे कान जायला लागले. हळूहळू गेले. आधी वर्गातली मागची पोरं, मग समोरचा माणूस. नांदेडच्या डॉक्टरनं नस सुकली म्हणून सांगितलं आणि कानात घालायचं मशीन दिलं. त्या मशीनजवळ फोन नेला की शिट्टी वाजायची. मशीन काढलं तर फोनमधलं नुसतं गुणगुण. स्पीकर लावून फोन तोंडासमोर धरला तरच, मशीन असो नसो, शब्द कळायचे. मला देवाचा इतका राग आला की विचारू नका. म्हणलं, याच्याशिवाय दुसरं कुणी सापडलं नाही का तुला?

मला हे कळलं ते एका रविवारी. मी कढीचा डबा घेऊन गेले होते. सर घरामागच्या बांधावर उभे, फोन कानाला लावलेला. "हं. हं माय. बराबर." मी जवळ गेले तर फोनमधून काहीच येत नव्हतं. फोन कधीचा कट झालेला होता. मी हात लावून सांगितलं तर त्यांनी फोनकडं बघितलं आणि विचारलं, "कवा?"

मी रागावले. ओरडूनच बोलावं लागायचं, त्यात रागाची भर. "मग घरात जा, दार लावा आणि स्पीकरवर बोला ना. एकटेच तर असता."

"लावला एकदा," ते म्हणाले. "स्पीकरचा आवाज तिकडं घुमतो, तिला लगीच कळतं. पहिलं विचारलं, कोण आहे तिथं पप्पा? मी म्हणलं, कुणी न्हाई. तिला खरं वाटलं न्हाई. बरी आहे म्हणली अन् ठेवला."

"मग सांगून टाका की ऐकू येत नाही. मी सांगते पाहिजे तर."

"न्हाई मॅडम, तुमाला माझी आण हाये. मंग ती वरडून बोलंल. वरडून कुणी मनातलं सांगतं का?"

त्यांच्या खिशातले फुटाणे मीच मागून घेतले. त्यानंतर ते कुणाच्या दारात जाऊन उभे राहिले नाहीत. ऐकूच येत नाही तर लोकांना काय सांगणार, म्हणायचे. गावात मोबाईल पाटावर मधोमध होताच, तो तिथंच राहिला. मी माझ्या परीनं दोन-चार घरांत सांगून पाहिलं. एका बाईनं मला सांगितलं, "मॅडम, एकटीनं बोलले तर सासू म्हणती, माहेरासारखं काय कुजबुजून राहिली?" मी परत आले.

यंदाच्या हळदीच्या दिवसांत मी दुपारचा डबा घेऊन सरांकडं गेले. अंगणात वाळलेली हळकुंडं पसरलेली आणि बाया निवडायला बसलेल्या. मीही त्यांच्यात बसले. डबा ओट्यावर ठेवला. सर म्हणाले, जेवतो मागून. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन थरथरला. त्यांनी नाव बघितलं आणि उभे राहिले. पोरीचा फोन होता आणि रविवार नव्हता.

सरांनी कानातलं मशीन काढून माझ्या हातात दिलं, फोन कानाला लावला आणि अंगणाबाहेर बांधाकडं गेले. आयुष्यभर लोकांना जसं सांगितलं तसंच. मला त्यांची पाठ दिसत होती. "बोल माय," एवढं ऐकू आलं. मग "हं". मग बराच वेळ काही नाही. मग "हं". रविवारचा फोन चहा निवायच्या आत संपायचा. हा संपेना. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला, परत पहिल्या कानाला आणला, वरून तळहात दाबला, खाली वाकले. माझ्या लक्षात आलं. पोरगी बोलत होती. बरी आहे, एवढंच म्हणायला इतका वेळ लागत नाही.

मी उठणार तेवढ्यात सर वळले आणि भराभर चालत अंगणात आले. त्यांचा चेहरा मला सांगता येणार नाही. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी फोन तोंडासमोर धरून अंगठ्यानं स्पीकरचं बटण दाबलं. मी हातानं बायांना गप केलं. सगळ्यांचे हात थांबले.

पोरीचा आवाज आला. रडून झालेला, मोकळा आवाज. "बस, एवढंच होतं पप्पा. इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. तुम्ही मध्ये एकदाही बोलला नाहीत ना, म्हणून सांगता आलं. ऐकलंत ना सगळं?"

सरांनी भरलेल्या अंगणाकडं बघितलं. एकेका बाईकडं, मग माझ्याकडं.

"व्हय माय," ते म्हणाले. "ऐकलं सगळं."

"परत कधी विचारू नका हं मला. मला नाही सांगता येणार परत."

"न्हाई विचारणार."

"जेवलात का?"

"व्हय."

फोन बंद झाला. बोलण्याच्या भरात तिला स्पीकर कळलाही नव्हता. ओट्यावर डबा तसाच होता. बाया उगीच खाली बघून हळद निवडायला लागल्या. सर माझ्या बाजूला येऊन बसले, समोर नाही, बाजूला. मी त्यांचं मशीन त्यांच्या हातात दिलं. ते त्यांनी कानात घातलं, सूप पुढं ओढलं आणि हळकुंडं वेगळी करायला लागले. मला मोठ्यानं रडायचं होतं, पण ते रडत नव्हते म्हणून मीही थांबले.

मग ते खाली बघतच म्हणाले, "मॅडम, तुमाला कुठून ऐकू आलं?"

"शेवटचंच, सर. तुम्ही बटण दाबल्यावरचं."

त्यांनी मान हलवली.

"मला बी तेवढंच," ते म्हणाले.